हवेवर चालणारं टेबल

एअर हॉकीत टेबल आधी तयार झालं, खेळ नंतर सापडला. बिलियर्ड्सच्या टेबलांसाठी नावाजलेल्या अमेरिकेतल्या ब्रन्सविक कंपनीत १९६९ च्या सुमारास फिल क्रॉसमन, बॉब केनरिक आणि ब्रॅड बाल्डविन हे तिघे जवळजवळ घर्षण नसलेल्या टेबलावर काम करत होते. कॅरमवर बोरिक पावडर जे काम करते, ते इथे हवेकडून करून घ्यायचं होतं. खाली पोकळ पेटी, तिच्यात पंखा आणि वरच्या फळीला बारीक छिद्रं. छिद्रांतून वर येणारी हवा चकतीला अलगद उचलून धरते आणि हलक्या धक्क्यानेही ती सुसाट सुटते. कल्पना उत्तम होती, पण अशा टेबलावर खेळायचं काय, हे ठरेना. काम बाजूला पडलं.

१९७२ मध्ये ब्रन्सविकच्याच बॉब लेमिय यांनी ते पुन्हा हाती घेतलं. बर्फावरच्या हॉकीतलं त्यांनी फक्त मोजकं ठेवलं: एक चकती, ती मारायला दोन मॅलेट आणि दोन्ही टोकांना फटीसारखे गोल. खेळ बाजारात आला आणि अमेरिकेतल्या आर्केडमध्ये चटकन लोकप्रिय झाला.

मात्र तो टिकवला खेळणाऱ्यांनी, आणि या इतिहासातली खरी मोलाची गोष्ट हीच आहे. टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये जे. फिलिप अरनॉल्ड यांनी १९७५ मध्ये खेळाडूंची संघटना उभी केली. नियम पक्के झाले. सात गुण आधी करेल तो जिंकला. चकती आपल्या बाजूला आली की सात सेकंदांत मारायची. मॅलेट उचलून चकतीवर दाबून धरायचा नाही. पुढे १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'नंतर आर्केडमध्ये व्हिडिओ गेमची लाट आली आणि या टेबलांची जागा आक्रसत गेली. तरी ह्यूस्टनमधली मंडळी खेळत राहिली. १९८० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या काराकासमध्येही तगडे खेळाडू तयार झाले. दशकाच्या उत्तरार्धात मार्क रॉबिन्स या खेळाडूच्या सल्ल्याने टेक्सासच्याच डायनॅमो कंपनीने आठ फुटी टेबल बनवलं. मुरलेला खेळाडू कारखान्याला टेबल कसं हवं ते सांगतोय, असं फार थोड्या खेळांत घडलं असेल.

म्हणूनच टेबल घेताना या खेळाडूंचं ऐकावं. स्पर्धेला त्यांना पूर्ण आठ फूट लांबीचं, आयताकृती टेबल लागतं. कडा रंगवलेल्या चालत नाहीत आणि खेळाच्या पृष्ठभागात लुकलुकणारे दिवेही नकोत. ही हौस किंवा हट्ट नव्हे. लांबी कमी झाली की चकती अडवायला वेळ उरत नाही, आणि कडेवरून चकती ज्या कोनात परतते त्याच्या अंदाजावर तर अर्धा खेळ उभा असतो.

मॉलमधल्या गेमिंग झोनसाठी टेबल घ्यायचं तर आठ फुटांपेक्षा कमी घेऊ नये. दिवसभर चालणारा पंखा आणि घट्ट बसवलेल्या कडा यांवरच पैसे खर्चावेत. घरासाठी सहा-सात फुटी चालेल, पण दोन्ही टोकांना खेळणाऱ्याला उभं राहायला निदान तीन-तीन फूट मोकळे हवेत. मुंबई किंवा कोकणातल्या दमट हवेत भुशाच्या दाबलेल्या फळ्या फुगतात, तेव्हा सांगाडा कशाचा आहे ते विचारावंच. अमेरिकेहून टेबल मागवत असाल तर मोटर १२० व्होल्टची आहे का ते पाहा. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची असते. छिद्रांत धूळ बसते, म्हणून वापर नसेल तेव्हा टेबल झाकून ठेवावं.

दुकानात मात्र एवढं करा: पंखा सुरू करून चकती मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांत ठेवून पाहा. ती कुठे अडकत असेल किंवा प्रत्येक वेळी एकाच बाजूला घरंगळत असेल, आणि पाय समतल करूनही फरक पडत नसेल, तर ते टेबल घेऊ नका.