कटनीच्या भट्टीतील समतोल
कटनी 1998 पर्यंत जबलपूर जिल्ह्यातच होते आणि तेथील चुनाभट्ट्या प्रसिद्ध होत्या. भट्टीत चुनखडीपासून कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. वायू कोंडला, तर तो चुन्याशी पुन्हा संयोग पावतो. 1867 मध्ये फ्रेंच रसायनज्ञ आंरी दब्रे यांनी बंद नळीत हे मोजले. ठरावीक तापमानाला वायूचा दाब ठरावीक मूल्याशी येऊन थांबतो, चुनखडी कमी असो वा जास्त. हा दाब वातावरणाइतका होण्यास सुमारे 900 अंश सेल्सिअस लागतात.

भट्टी मात्र उघडी असते. खालून शिरणारी हवा वायू वाहून नेते आणि समतोल साधतच नाही. तो न साधणे हेच भट्टीचे यश! 1884 मध्ये ल शातेलिए यांनी मांडलेल्या तत्त्वाचे इतके रोखठोक उदाहरण पाठ्यपुस्तकातील अमोनियाही देत नाही. (ते स्वतः खाण-अभियंते आणि सिमेंटचे अभ्यासक होते.)

वेगाची गोष्ट निराळी. उष्णता आत पोचण्यास वेळ लागतो, म्हणून मोठ्या दगडाचा गाभा कच्चा राहतो. घाईने आच वाढवली, तर बाहेरचा चुना जास्त भाजला जाऊन पाण्यात फार सावकाश विरतो. असा कण गिलाव्यात गेला, की महिन्यांनंतर तेथे फुगून पोपडा उडतो.