हाडोळ्याचा कागद आणि आपला वकील

सातारा-सांगली भागातल्या महारवाड्यांची जमीन कशी गेली, असे विचारले की म्हातारी माणसे एकाच शब्दात उत्तर देतात : कागदाने. लाठीने गेलेल्या जमिनीची निदान आठवण राहते, तिच्यावर पोवाडा होतो. कागदाने गेलेली जमीन मुकाट्याने जाते. आणि त्या कागदाखाली अंगठा आपलाच असतो. या इतिहासात माझाही एक वाटा आहे. तो सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

आमचे गाव वाळवे तालुक्यात. हा तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्यांची नावे बदलली, पण महारवाड्याच्या हाडकी-हाडोळ्याची कथा दोन्हीकडे सारखीच राहिली.

दस्तऐवजापुढे निरक्षर माणूस हतबल असतो, हे इंग्रज सरकारलाही मान्य करावे लागले होते. १८७५ साली सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले. शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांसाठी तो होता. शेतकऱ्याचा दस्त सावकाराच्या ओटीवर न लिहिता गाव-निबंधकासमोर लिहावा, तो मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच सही-अंगठा घ्यावा, अशी त्यात तरतूद होती. कागद वाचून दाखवणे हाही न्यायाचाच भाग आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. पण महाराची जमीन साधी रयतावा जमीन नव्हती, ती वतनाची होती. १८७४ च्या वतन कायद्याप्रमाणे वतनदाराला आपल्या हयातीपलीकडे ती सरकारच्या मंजुरीशिवाय परक्याला विकता वा गहाण टाकता येत नसे. म्हणजे विकायला बंदी आणि राबायला सक्ती! गहाणाला आणि तोंडी ताब्याला मात्र वाट मोकळी होती. नड आली की जमीन गावातल्या बड्या घराकडे जाई. नातवाच्या काळापर्यंत ती कोणाची, हे सांगणारा माणूस उरत नसे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महाराला गावकीच्या चाकरीतून मोकळे व्हायचे असेल तर त्याने पूर्ण सारा भरून वतनाची जमीन रयतेप्रमाणे धारण करावी, अशी वाट त्यात होती. विधेयक पास झाले नाही. १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला वतनदारांची परिषद भरली, तेव्हाही लढा याच जमिनीचा होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सॉलिसिटर हा शब्द मुंबईच्या हायकोर्टाच्या परिसरातला. तेथे बॅरिस्टराला काम मिळायचे ते सॉलिसिटरमार्फत. १९२३ साली बाबासाहेबांनी वकिली सुरू केली, तेव्हा अस्पृश्य बॅरिस्टराला सॉलिसिटरांकडून काम मिळणे दुर्घट होते. ज्याच्या विद्वत्तेची जगाने पुढे दखल घेतली, त्याच्या हाती अशील सोपवायला हा वर्ग तयार नव्हता. आमच्या बापजाद्यांना वकील मिळत नव्हता आणि आमच्या वकिलाला काम मिळत नव्हते. या दोन गोष्टी एकाच व्यवस्थेच्या आहेत.

१ ऑगस्ट १९५९ रोजी कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा अमलात आला. गावकी गेली, ही मोठीच मुक्ती होती. जमीन सरकारजमा होऊन साऱ्याच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदाराला परत मिळायची होती. मुदतीत रक्कम न भरल्यास तोच वतनदार अनधिकृत कब्जेदार ठरत असे. परत मिळालेली जमीन नव्या शर्तीची. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि ठरवलेली रक्कम भरल्याशिवाय ती विकता वा वाटून घेता येऊ नये, ही अट आपल्या रक्षणासाठी होती. पण त्याच कायद्यात आणखी एक फट होती. बेकायदा कब्जेदाराने जमिनीवर खर्च केला असेल आणि त्याला काढल्याने फार हाल होतील असे सरकारला वाटले, तर जमीन त्यालाही देता येत होती. ज्याच्यापाशी वकील होता, त्याला ही फट दिसली. ज्याच्यापाशी नव्हता, त्याला मुदतीची तारीखही कळली नाही.

आता माझा वाटा. आमच्या घराने रक्कम भरली होती, जमीन शाबूत होती. मी कॉलेजात शिकत होतो. गावातला एक मध्यस्थ शहरातल्या वकिलाला घेऊन आला. ‘परवानगीसाठी कचेरीत खेपा घालायच्या आहेत, म्हाताऱ्या माणसांनी कुठे फिरावे?’ असे म्हणत त्याने कागद पुढे केला. आत्या म्हणाली, ‘बाळा, तू शिकलास. वाच बघू.’ मी वाचला. कुलमुखत्यारपत्र होते. मला शब्द वाचता आले, त्यांचा अर्थ लागला नाही. कागदात विक्रीचा, विसार घेण्याचा, ताबा देण्याचा अधिकार लिहिलेला होता. मी म्हणालो, ‘कचेरीचाच कागद आहे, आत्या.’ तिने अंगठा उठवला. तिच्यापाठोपाठ चार चुलत्यांनी उठवला. तो वकील विकत घेणाराचाच होता, हे आम्हाला तीन वर्षांनी कळले. जमीन बांधावरून दिसते, पण तिच्यात पाऊल टाकता येत नाही. आत्या गेली तेव्हा दावा चालूच होता. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि तेच मला अधिक लागते.

हा केवळ जुना इतिहास नाही. २०२५ साली पुण्यातील मुंढव्याच्या सुमारे ४० एकर महार वतन जमिनीचे खरेदीखत राज्यभर गाजले. तेथेही मूळ वतनदारांच्या नावे सही करणारा कुलमुखत्यारच होता. शेजारच्या कर्नाटकाने १९७८ साली अनुसूचित जाती-जमातींना मिळालेल्या जमिनींचे हस्तांतर रोखणारा स्वतंत्र कायदा केला. पण नुसत्या कायद्याने जमीन राखली जात नाही. कायदा वाचणारा आपला माणूस लागतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हे काम आपले मानावे. समोरच्याचा वकील तो आपला वकील नव्हे, त्याने फी घेतली नाही तरी नव्हे. ‘दोघांचे मिळून एकाच वकिलाकडे करू’ हे वाक्य ऐकले की उठावे. आपल्या वकिलाला पहिला प्रश्न विचारावा : जमीन कोणत्या शर्तीची? सातबाऱ्याचा आजचा उतारा पुरेसा नाही. जुने फेरफार आणि जमीन परत दिल्याचा आदेश काढून घ्यावा. परवानगीआधी विसार घेऊ नये. मूळ कागद कोणाच्या हवाली करू नयेत, नकला द्याव्यात. फीची पावती मागावी. मुखत्यारपत्र द्यावेच लागले, तर त्यात विक्रीचा अधिकार आहे की नाही ते मोठ्याने वाचून घ्यावे. पैसे बँकेमार्फत घ्यावेत आणि दस्ताची नक्कल त्याच दिवशी मागावी. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्याचा अर्ज सातारच्या वा सांगलीच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. हे उपकार नव्हेत.

शिक्षण म्हणजे अक्षरओळख, अशी माझी तरुणपणी समजूत होती. ती समजूत आमच्या घराला एका शेताएवढी महाग पडली. आता महारवाड्यातला कोणी कागद घेऊन आला की मी तो दोनदा वाचतो. कळला नाही तर ‘कळला नाही’ असे सांगतो, आणि त्या माणसाबरोबर वकिलाकडे जातो. त्या दिवशी आत्याला एवढेच सांगायला हवे होते.