सरदारकी सोडली, शिस्त सोडली नाही
(श्रीगुरू हैबतबाबा आरफळकर)



आमच्या दिंडीला शंभर वर्षे झाली म्हणून हा अंक निघतो आहे. पण ज्या सोहळ्यात आम्ही शंभर वर्षे चाललो, तो ज्यांनी बांधला त्यांच्याविषयी दोन पाने लिहिल्याशिवाय आमच्या दिंडीचा इतिहास सुरूच होत नाही. हैबतबाबांचे नाव आपण सगळेच घेतो. बाबा आधी कोण होते, हे मात्र नव्या पोरांना विचारा, निम्मी गप्प बसतात.

बाबा साताऱ्याकडच्या आरफळ गावचे. मातब्बर पवारांच्या घरात जन्म, नाव हैबतराव. त्या काळी अशा घरातल्या तरुणाने तलवार कमरेला लावून एखाद्या मोठ्या दौलतीत चाकरी धरायची, हा रिवाजच. हैबतराव उत्तरेत ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी गेले आणि सरदार झाले.

शिंद्यांची फौज म्हणजे नुसते शिपाई नव्हेत. ते चालते गावच होते. तंबू, बाजार, पागा, हत्ती, भालदार-चोपदार, सगळे बरोबर. दौलतराव शिंद्यांनी 1810 च्या सुमारास ग्वाल्हेरला तळ दिला. तो इतका मोठा होता की त्याचेच शहर झाले, आणि त्या भागाला आजही लष्कर म्हणतात. हजारो माणसे रोज उठवायची, चालवायची, उतरवायची, खाऊ घालायची, आणि त्यात भांडण होऊ द्यायचे नाही. ही विद्या अशा तळावर शिकायला मिळे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढची हकिगत आमच्या जुन्या मंडळींनी कीर्तनात शंभरदा ऐकवलेली आहे. हैबतराव मिळकत बरोबर घेऊन गावाकडे निघाले. सातपुड्याच्या रानात लुटारूंनी गाठले आणि सगळ्यांना एका गुहेत कोंडले. हैबतरावांनी तिथे हरिपाठाचा आणि माउलींच्या नामाचा धावा मांडला. एकविसाव्या दिवशी टोळीच्या नायकाला मुलगा झाला. हा ह्या कैद्याच्याच भक्तीचा गुण, असे त्याला वाटले आणि त्याने धन परत देऊन त्यांना सोडले. हैबतराव घराऐवजी आळंदीला आले, ते आळंदीचेच झाले. रात्री शेजारती झाली की समाधीपुढे उभे राहायचे आणि काकड्यापर्यंत भजन करायचे, असे सांगतात.

बाबांच्या आधी वारी नव्हती असे कोणी समजू नये. वारी फार जुनी. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी 1685 साली पालखीची प्रथा घातली. तुकोबांच्या पादुका देहूहून निघत, आळंदीला माउलींच्या पादुका सोबत घेत आणि दोन्ही एकत्र पंढरीला जात. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हे चालले. पुढे देहूकर वंशजांत पालखीवरून वाद झाले. तेव्हा हैबतबाबांनी 1832 च्या सुमारास माउलींची पालखी स्वतंत्र काढली.

वाद झाला हे लिहायला आम्हाला संकोच वाटत नाही. आमच्या दिंडीतही एके वर्षी वीणा कोणी धरायचा यावरून दोन तट पडले होते. आमचे एक वयोवृद्ध वारकरी तेव्हा एवढेच म्हणाले, "दोन पालख्या झाल्या म्हणून कुणाची वारी चुकली का? आजही पुण्यात दोन्ही पालख्या एकाच दिवशी येतात. एक भवानी पेठेत उतरते, दुसरी नाना पेठेत. तुम्ही एका पंगतीत बसत नाही!" त्या रात्री पंगत एकत्र बसली. वीण्याचा निकाल मात्र पुढल्या वर्षी लागला, हेही खरे.

आता बाबांनी काय केले ते पाहू. राजवाड्यात खासगीचा कारभार असतो. तंबू-कनातींचा फरासखाना, घोड्यांची पागा, जेवणाचा मुदपाकखाना, हे सगळे त्यात येते. बाबांनी माउलींना राजा मानले आणि स्वतः त्या राजाच्या खासगीचे कारभारी झाले. मदतीला अंकलीचे शितोळे सरकार उभे राहिले. हे घराणेही शिंदेशाहीतलेच. माउलींचा तंबू त्यांचा, घोडे त्यांचे, नैवेद्य त्यांच्याकडून. ती सेवा आजही चालू आहे. अंकलीहून दोन घोडे चालत आळंदीला येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणी बसत नाही, तो माउलींचा. रिंगणात तो धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला आपण कसे धावतो, ते सांगायला नको.

पहाटेचा कर्णा घ्या. पहिला झाला की आवराआवर, दुसऱ्याला तयार, तिसऱ्याला पालखी हलली. कोणासाठी थांबणे नाही. आम्हाला तर यात लष्कराचा तळच दिसतो. दिंड्यांचे क्रम ठरलेले. रथापुढे सत्तावीस, बाकीच्या मागे. कोणी मध्ये घुसायचे नाही.

आणि समाजआरती! तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळांचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंच करतात आणि एका क्षणात सगळे शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. चोपदार तिथे जातात, ऐकतात, निवाडा करतात. मग हरवले-सापडले आणि दुसऱ्या दिवशीची निघण्याची वेळ पुकारतात. त्यानंतर आरती. लाखो लोकांत ना कचेरी, ना कागद, ना अर्ज. आमचेही टाळ एकदा असेच वाजत राहिले होते, तळावरच्या जागेवरून. चोपदारांनी ऐकून घेतले आणि चूक आमचीच निघाली. राहुटी आम्हीच पुढे सरकवली होती. निमूट मागे घेतली.

दरबारात चोप उचलायचा तो राजा येतो म्हणून, लोकांना गप्प करायला. इथे तोच चोप गरिबाच्या दिंडीचे गाऱ्हाणे ऐकायला उचलला जातो. हत्यार, पगार, शिक्षा यातले काही नाही, तरी फौजेसारखी शिस्त आहे.

बाबांच्या वंशजांना आजही पालखीचे मालक म्हणतात. प्रस्थानाला पादुका त्यांच्या हाती देतात. एवढा मान मागे ठेवणाऱ्या बाबांची स्वतःची जागा मात्र आळंदीला महाद्वारातली पहिली पायरी आहे. कार्तिक वद्य अष्टमीला तिथे पूजा होते आणि माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्याला सुरुवात होते.

आमची दिंडी दर कार्तिकीला पायरीशी थांबते. आधी म्हातारी माणसे वाकतात, मग आम्ही. गेल्या खेपेला एका पोराने विचारले, "यावर पाय द्यायचा का?" म्हातारे हसले आणि म्हणाले, "डोकं ठेव आधी, मग हळूच पलीकडं जा."