एक वेदी, दोन भाषा

परक्यांविषयीचा दुरावा धर्मभेदातून जन्मतो, असे आपण सहसा मानतो. कॅनडातील क्वेबेक प्रांताचा इतिहास निराळेच सांगतो.

१७६३ च्या पॅरिस तहाने हा मुलूख इंग्रजांकडे गेला, तेव्हा तेथे सुमारे ७० हजार फ्रेंच भाषिक होते. सभोवार इंग्रजीचे राज्य असूनही हा समाज तगला तो धर्मसभा, पॅरिश आणि मोठी कुटुंबे यांच्या आधारावर. १९६० नंतर मात्र मिस्साला येणाऱ्यांची संख्या रोडावली, जन्मदरही झपाट्याने घसरला. आता समाजाची ओळख म्हणून उरली ती मुख्यतः भाषा.

दुसऱ्या महायुद्धानंतर माँट्रियल परिसरात इटालियन कुटुंबे मोठ्या संख्येने आली. तीही कॅथलिकच. परंतु पोटापाण्याची भाषा इंग्रजी हे ओळखून त्यांनी मुलांना तिकडे वळविले. १९६८ मध्ये सेंट लिओनार्ड येथील कॅथलिक शाळामंडळाने नव्या मुलांसाठी द्विभाषिक वर्ग बंद करून केवळ फ्रेंचमधून शिक्षण सुरू केले. पालक संतापले, १० सप्टेंबर १९६९ रोजी रस्त्यावर दंगल उसळली. एकाच श्रद्धेचे दोन समाज शाळेच्या प्रश्नावरून समोरासमोर ठाकले.

कॅनडाच्या मध्यवर्ती सरकारने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिकतेचे धोरण जाहीर केले. इंग्रजी भाषिक बहुसंख्याकांना आपली भाषा लोपेल अशी धास्ती नव्हती. क्वेबेकला ती होती. म्हणून १९७७ च्या भाषा कायद्याने तेथे नवागतांच्या मुलांना फ्रेंच शाळा सक्तीची झाली. १९९१ च्या करारान्वये उद्योगधंद्यासाठी येणाऱ्यांची निवडही प्रांताकडे आली. क्वेबेकने दार उघडे ठेवले, किल्ली मात्र स्वतःपाशी ठेवली.

३० ऑक्टोबर १९९५ रोजी स्वतंत्र क्वेबेकचा प्रस्ताव ५०.५८ विरुद्ध ४९.४२ टक्के मतांनी फेटाळला गेला. त्या रात्री प्रांताचे मुख्यमंत्री झाक पारिझो यांनी पराभवाचे खापर पैसा आणि वांशिक मते यांवर फोडले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पदत्याग जाहीर केला. पण बोल लागायचा तो लागलाच. कायद्याप्रमाणे १८ वर्षे फ्रेंच शाळांत घडलेली नवागतांची मुले त्या एका वाक्याने पुन्हा परकी ठरली.

लहान समाजाला आपली भाषा नाहीशी होण्याचे भय वाटते, त्याला आम्ही संकुचितपणा म्हणणार नाही. परंतु नवागताकडून आपली भाषा शिकण्याची अपेक्षा धरणाऱ्याने, ती शिकून आलेल्याला आपल्यातलाच एक मानण्याची तयारीही ठेवली पाहिजे.