विटाळ आणि विषाणू

पोलिओचा इतिहास सांगताना लशीचे नाव आधी येते, पाण्याचे येत नाही. हा विषाणू आतड्यात वाढतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि दूषित पाण्यातून, हातांतून दुसऱ्याच्या तोंडात जातो. सुमारे २०० जणांना लागण होते तेव्हा एखाद्याचाच पाय लुळा पडतो. बाकीचे नकळत तो पसरवीत राहतात. सोवळ्याला ही वाट कधी दिसलीच नाही. १९२७ साली आपण महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यालो, तर ते बाटले म्हणून त्यात शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या घागरी ओतून ते 'शुद्ध' करण्यात आले! पिण्याच्या पाण्यात शेण, हे शास्त्र.

बीड जिल्ह्यातली कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. गावच्या यादीतले मूल लसीच्या दिवशी फडावर असते. म्हणून १९९५ साली देशभर सुरू झालेल्या पल्स पोलिओच्या पथकांना कारखान्यांचे तळ, वीटभट्ट्या धुंडाळाव्या लागल्या. थेंब पाजायचे, करंगळीला शाई लावायची. नैसर्गिक पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला; २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. हे काम मोठेच.

पण थेंब कोपीच्या दारापर्यंत आले, संडास आला नाही. पोलिओचे भाऊबंद असलेले कितीतरी एंटेरोविषाणू याच वाटेने फिरतात, आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे थेंब नाहीत. तळावरची बाई अजून अंधार पडण्याची वाट पाहते.