वाड्याची खिडकी आणि सुताराची मजुरी

सराफ बाजारातल्या सरकारवाड्यासमोर उभे राहिले की जो तो पेशव्यांचे नाव घेतो; तिथल्या सुताराचे नाव कोणालाच ठाऊक नाही. पेशवाई १८१८ साली बुडाली, पण त्या रीतीच्या खिडक्या पुढेही घडत राहिल्या. सागवानी झडपेच्याच कडेला वरखाली गोल खुंट कोरीत. तो चौकटीच्या खळग्यात फिरे. लोखंडी बिजागरीचे काम नाही.

अशा खिडकीत कुजते ती बहुधा पाणी साचणारी तळपट्टी. जाणता सुतार तेवढीच कापतो आणि कुसू घालून नवे सागवान जोडतो.

मग वाडे का ढासळले? १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याने भाडी गोठली, भाडेकरू वाचला. आम्ही त्याच्याच बाजूने उभे राहिलो, आजही राहू. दुरुस्ती कायद्याने मालकावर होती. मालक म्हणे, भाडे पुरत नाही. भाडेकरू म्हणे, घर माझे नाही. सुताराच्या मजुरीचा हिशेब आम्हीही मांडला नाही. आता वाडा पडला की तीच खिडकी जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे चढ्या भावाने जाते, आणि ती सांधू शकणारा म्हातारा सुतार नाक्यावर रोजंदारीसाठी उभा असतो.