पिधान म्हणजे काय? तारा पाच सेकंद गायब झाला की काय कळतं?

चंद्र एखाद्या ताऱ्याला किंवा ग्रहाला झाकतो, त्याला मराठीत पिधान म्हणतात. पेपरात ‘पिधानयुती’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. २४ मार्च २०२३ ला चंद्राने शुक्राला झाकलं, ते देशात बऱ्याच ठिकाणांहून दिसलं. हेच काम प्लूटो किंवा नेपच्यूनपलीकडचा एखादा छोटा पिंडही करतो. असा पिंड दुर्बिणीतून नुसता ठिपका दिसतो. पण तो ताऱ्यासमोरून गेला की त्याची सावली पृथ्वीवरून सरकते, आणि ती मोजता येते.

गणित कसं चालतं?

मी बोईसरचा, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. म्हणून उदाहरण घरचंच घेतो. तारा इतका लांब असतो की सावलीची रुंदी पिंडाएवढीच पडते. समजा पिंड १२० किलोमीटरचा गोल आहे आणि सावली पूर्व-पश्चिम, सेकंदाला २४ किलोमीटर वेगाने सरकतेय. पालघर सावलीच्या बरोबर मध्यावर असेल, तर तिथे तारा ५ सेकंद गायब होईल. बोईसर तिथून उत्तरेला साधारण १२ किलोमीटरवर. तिथे हाच वेळ सुमारे ४.९ सेकंद भरेल. दोघांच्या नोंदी एकत्र केल्या की गोलाचे दोन छेद मिळतात. अशा बऱ्याच ठिकाणच्या नोंदी जोडल्या की पिंडाचा आकार कागदावर उतरतो.

पालघरला तारा लपला आणि बोईसरला लपलाच नाही, तर सावलीची कड या दोघांच्या मधून गेली. म्हणजे ‘काही झालं नाही’ हीसुद्धा कामाची नोंद आहे. ती डिलीट करू नका.

भारतात काय सापडलं?

१० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी सुमारे १ मीटरच्या दुर्बिणीतून निरीक्षण केलं. ताऱ्याचा प्रकाश काही सेकंद अचानक कमी झाला. त्यांना तो नवा उपग्रह वाटला. त्याच वेळी हिंदी महासागरावरून उडणाऱ्या अमेरिकेच्या कायपर विमान-वेधशाळेला असे अनेक खड्डे दिसले, ग्रहाच्या दोन्ही बाजूंना. ती युरेनसची कडी होती!

६ जून २०२० ला उत्तराखंडातल्या देवस्थळ इथल्या ३.६ मीटर आणि १.३ मीटर दुर्बिणींनी प्लूटोचं पिधान टिपलं. हवा असेल तर तारा झटकन विझत नाही, हळूहळू मंद होतो. त्यावरून प्लूटोवरचा हवेचा दाब सुमारे १२ मायक्रोबार निघाला, म्हणजे आपल्या हवेच्या साधारण ८० हजारांवा भाग.

फोन कशाला लागतो?

स्पष्टच सांगतो, इतके मंद तारे नुसत्या फोनच्या कॅमेऱ्यात येत नाहीत. दुर्बीण आणि संवेदनशील कॅमेरा लागतोच. फोनने सुरुवात करायची तर चंद्राने तेजस्वी ताऱ्याला झाकलेलं पिधान बघा. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा हे तारे चंद्राच्या वाटेत येतात. साध्या दुर्बिणीला फोन लावूनही ते टिपता येतं.

- वेळ: सगळ्यात महत्त्वाची. फोनचं घड्याळ ०.१ सेकंद चुकलं, तर वरच्या उदाहरणात २.४ किलोमीटरची चूक झाली. पालघर आणि बोईसरच्या नोंदींतला फरकच ०.१ सेकंदाचा आहे. त्यामुळे जीपीएसची वेळ दाखवणारं ॲप वापरा.
- व्हिडिओ: प्रो मोडमध्ये फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. फ्रेम रेट स्थिर ठेवा. ३० फ्रेमला एक फ्रेम म्हणजे सावलीचे ८०० मीटर.
- जागा: अक्षांश-रेखांश लिहून ठेवा. ‘स्टेशनजवळ’ एवढं पुरत नाही.
- अंदाज: सावली कुठून जाणार हे आधी कळतं. युरोपच्या गाया यानाने सुमारे १८० कोटी ताऱ्यांची यादी केली, त्यामुळे हे अंदाज खूप नेमके झाले. ‘ऑकल्टवॉचर’मध्ये आपल्या गावाजवळून जाणाऱ्या सावल्या शोधता येतात.

आपल्याकडे जमेल का?

पावसाळा सोडून द्या. हिवाळ्यातली कोरडी रात्र चांगली. तारापूर एमआयडीसीच्या दिव्यांनी आकाश उजळतं, पण इथे एकाच ताऱ्याचा प्रकाश मोजायचा असल्याने तेवढ्याने काम अडत नाही. ढग आणि धुरकं मात्र घात करतात. पश्चिमेला खाली असलेला तारा असेल तर केळवे किंवा चिंचणीचा किनारा बरा, समोर मोकळा समुद्र.

मोठी वेधशाळा एकाच जागी असते, सावली मात्र तिला हवी तिथूनच जाते. ती आपल्या पट्ट्यातून जाईल त्या रात्री पालघरला एक आणि बोईसरला एक दुर्बीण लागलेली असेल, तर तो छेद फक्त आपल्याकडेच असेल.